सनद कुठवर चालते

लहानपणी घरात आणि गल्लीत सगळे मला बालिस्टर म्हणत. हे कौतुक नव्हतं. आमच्या भंडाऱ्याकडं जी पोर उलट बोलते, जिला एका गोष्टीवर दहा प्रश्न पडतात आणि जिच्याशी बोलून आईचं डोकं उठतं, तिला बालिस्टर म्हणायची रीत होती. बॅरिस्टर हा शब्द कुणी धड उच्चारत नसे, आणि बॅरिस्टर म्हणजे नेमकं कोण हेही कुणाला ठाऊक नव्हतं. काळा कोट घालणारा, पण वकिलापेक्षा मोठा, इतकीच माहिती. या एका शब्दानं पुढं माझ्या आयुष्यात जो घोळ घातला तो आठवला की अजून हसू येतं, आणि हसू पुरतं ओसरायच्या आत राग येतो.

बाबा तुमसरच्या धान बाजारात अडत्ये होते. खेड्यांतून शेतकरी धान आणत, बाबा ते राइस मिलवाल्यांना विकून देत. त्यामुळं त्यांचं सगळं बोलणं मालाच्या भाषेत. नवी सायकल असो, जावई असो की शाळेतला विषय, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "हे कुठवर चालते?" तांदळाच्या धंद्यात तो प्रश्न रास्तच होता. धान उकडून, वाळवून मग कांडलं की तो उसना तांदूळ. तो वॅगनी भरून दूर दक्षिणेकडं जायचा. न उकडता कांडला की अरवा; तो आमच्या ताटात. उसना आमच्याकडं कुणी हौसेनं खात नसे आणि तिकडं अरव्याला कुणी विचारत नसे. धान मात्र एकाच बांधीतलं, एकाच शेतातलं.

बाबांची धाकटी बहीण करडी या गावी दिलेली होती. लग्नानंतर काही वर्षांतच आत्याचा नवरा वारला. मूलबाळ नव्हतं. दोघा दिरांनी तिला घराची मागची खोली दिली आणि तलावाखालच्या बांध्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या हिश्श्याचं धानाचं वावर, आपल्याकडं ठेवून घेतल्या. लेकरू नाही तर बाईमाणसाला वावर कशाला, असा त्यांचा सवाल. बाबा तिला तुमसरला आणायला गेले तर ती आली नाही.

"माह्या नवऱ्याचं वावर आहे. मी कायले येऊ?" तिनं विचारलं.

बाबांनी समजावलं, आईनं समजावलं, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी तिच्या नावानं भंडाऱ्याच्या कोर्टात वाटणीचा दावा लागला.

मी मॅट्रिकच्या वर्गात होते तेव्हा एका तारखेला आत्याबरोबर जायची पाळी माझ्यावर आली. बाबांचा हंगाम होता आणि बाईमाणसाला एकटीनं कोर्टात पाठवायचं नव्हतं. आम्ही दोघी पाठीमागच्या बाकावर बसलो. पुढं आत्याचे वकील उभे, समोर दिरांचे वकील, वर न्यायाधीश साहेब. तिघं इंग्रजीत बोलत होते. मधूनच एकजण हसला. दुसऱ्यानं कागद पुढं सरकवला. आत्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "का म्हनलं वं त्यानं?"

शाळेत माझं इंग्रजी पहिलं होतं. मी कान टवकारून ऐकत होते, पण मला ओ की ठो कळत नव्हतं. "थांब, सांगते," मी म्हटलं. ती थांबली. तेवढ्यात शिपायानं पुढच्या लोकांचं नाव पुकारलं आणि आमचं आटोपलं. बाहेर व्हरांड्यात वकील साहेब म्हणाले, "तारीख मिळाली." एवढंच. तिच्या नवऱ्याबद्दल, तिच्या वावराबद्दल, तिच्या डोळ्यांदेखत इतका वेळ बोलणं झालं आणि तिच्या वाट्याला दोन शब्द आले. मला इतका संताप आला की एस.टी.त बसल्यावरही मी एक अक्षर बोलले नाही. आत्यालाच वाटलं, मला बस लागली. तिनं पिशवीतून लिंबू काढून दिलं.

वकील व्हायचं मी त्या बसमध्ये ठरवलं असं म्हणणं फार सोपं होईल. ठरवायला मला पुढं कॉलेजची सगळी वर्षं लागली. पण बी.ए. झाल्यावर बाबा बी.एड.चं बोलू लागले तेव्हा माझ्या तोंडून लॉ हाच शब्द निघाला. घरात महाभारत. आई म्हणाली, बायका कोर्टाची पायरी चढतात त्या रडायला. बाबांनी नेहमीचा प्रश्न टाकला, "बी.एड. जिल्हाभर चालते. हे तुहं लॉ कुठवर चालते?"

"देशभर!" मी ठासून सांगितलं. खरं तर तेव्हा मला यातलं काहीच माहीत नव्हतं. पण बाबांच्या चेहऱ्यावर वॅगन भरल्याचं समाधान दिसलं. देशभर चालणारा माल त्यांच्या घरात अजून निपजला नव्हता.

नागपूरला हॉस्टेलवर राहून लॉ केलं. वर्गात आम्ही मुली हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. पुढं मुंबईहून सनद आली, म्हणजे वकिली करायचा परवाना, तेव्हा बाबांनी ती फ्रेम करून अडतीच्या दुकानात लावली. धान घेऊन येणारा प्रत्येक जण ती पाहायचा आणि बाबा न विचारता सांगायचे, "पोरगी बालिस्टर झाली." मी दहादा म्हटलं, बाबा, बॅरिस्टर वेगळा, मी वकील, ॲडव्होकेट. ते म्हणायचे, "तेच ते."

भंडाऱ्याला एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली मी काम सुरू केलं. माणूस शिस्तीचा, बोलायला तिखट, पण शिकवायला हात आखडता न घेणारा. त्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो. माझं पहिलं वकीलपत्र आत्याचं. जुन्या वकिलांनी ना हरकत देऊन सुटकेचा निःश्वास टाकला. मी उभी राहिले ती मराठीतच बोलले. न्यायाधीश साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं, पण अडवलं नाही. बाकावर बसून आत्या शब्द न् शब्द ऐकत होती. बाहेर आल्यावर तिनं माझी झाडाझडती घेतली.

"त्या थोरल्याले तू 'माझे पक्षकाराचे आदरणीय दीर' कायले म्हनली? काई आदरनीय नाई तो."

"कोर्टात तसंच बोलतात, आत्या."

"मंग कोर्ट खोटं बोलते," ती म्हणाली आणि पदर झटकून पुढं चालू लागली. तिच्या पाठीकडं पाहून मला इतका आनंद झाला होता की सांगता सोय नाही. तिला सगळं कळलं होतं. भांडण्याइतकं कळलं होतं.

काही वर्षांनी खालच्या कोर्टात दावा आत्याच्या बाजूनं लागला. दिरांनी लगेच जिल्हा कोर्टात अपील केलं. बांध्या तशाच त्यांच्याकडं राहिल्या, आत्या तिच्या मागच्या खोलीत राहिली, आणि मी लग्नाच्या वयाच्या पुढं सरकू लागले. आईनं हाय खाल्ली होती. अशात मामानं नागपूरकडच्या एका घराण्यातलं स्थळ आणलं. मुलगा इंग्लंडमध्ये इंजिनियर. मामानं त्यांना माझ्याबद्दल काय सांगितलं असेल? "आमची भाची बालिस्टर आहे." त्या लोकांनी ते खरंच धरलं.

मुलगा पाहायला आला तो दिवस मला आजही लख्ख आठवतो. पोहे झाले, चहा झाला. मोठी माणसं धानाच्या भावावर आली. तो माझ्याकडं वळून अदबीनं म्हणाला, "तुमची इन कोणती?"

मला प्रश्नच कळला नाही. आत दाराआड उभ्या असलेल्या आईला मात्र लगेच कळला. आमच्याकडं व्याह्याला इवाई म्हणतात आणि विहिणीला ईन. पोरगा इतका पुढारलेला की लग्न ठरायच्या आधीच विहिणीची चौकशी करतो, असं वाटून ती लाजत दारात आली.

"आतापासून कायची ईन? जमलं तं आमची ईन तुमची आईच होईन नं, बाबू," ती म्हणाली.

मग त्याची आई पदर तोंडाला लावून हसायला लागली आणि पाठोपाठ घर हसलं. तो बिचारा लालबुंद झाला. हसू ओसरल्यावर त्यानं समजावून सांगितलं: लंडनमध्ये वकिलांच्या चार जुन्या संस्था आहेत, त्यांना इन म्हणतात, बॅरिस्टर व्हायचं तर त्यातल्या एकीत नाव घालावं लागतं. मी बॅरिस्टर आहे असं कळलं म्हणून माझी इन कोणती एवढंच त्याला विचारायचं होतं.

"मी बॅरिस्टर नाही. नागपूर विद्यापीठाची एलएल.बी. आहे," मी म्हटलं.

"मग तिकडं..." असं म्हणून तो थांबला. मामा छताकडं पाहू लागला. बाबांनी वाक्य पुरं केलं, "तिकडे चालत नाई का ही डिग्री?"

तो खरं बोलणारा माणूस होता. पुढच्या सगळ्या वर्षांत त्याचा हा गुण मला कधी सुखाचा वाटला, कधी काट्यासारखा. तो म्हणाला, "नाही, बाबूजी. तशीच नाही चालत. पण आमची काही हरकत नाही. काम केलंच पाहिजे असंही नाही." त्या शेवटच्या वाक्यानं माझं अंग जळलं. काम केलंच पाहिजे असं नाही! जणू मी हौसेखातर भंडाऱ्याच्या बसचे धक्के खात होते.

पाहुणे गेल्यावर बाबा ओसरीवर बसून राहिले. नमुन्याचे अरव्याचे दाणे तळहातावर घेऊन फिरवत होते. मग म्हणाले, "एकदा अरवा काढला, मंग त्याचा उसना होत नाई, बाई. धान असते तवाच उकडावं लागते. आपन आधी इचारलं नाई, माल कुठे पाठवाचा आहे ते."

"मी तांदूळ नाही, बाबा," मी तिथंच भडकले. त्यांचं चुकत होतं असंही नाही. लॉ घेताना जगात दुसरा देश आहे आणि त्याचा कायदा आपल्याला ओळखत नाही, हे आमच्या घरात कुणाच्या मनातही आलं नव्हतं. डॉक्टरला सगळीकडं ताप तोच, इंजिनियरला लोखंड तेच. वकिलाचा माल तेवढा वेशीपाशी अडतो.

दुसऱ्या दिवशी मी सरांना विचारलं. त्यांनी पुस्तकं काढून नीट समजावलं. आपली पदवी तिकडं धरली तर थोड्या पेपरांची सूट मिळते, बाकीच्या परीक्षा नव्यानं द्याव्या लागतात. इनमध्ये ठरलेली जेवणं जेवावी लागतात. मग एका अनुभवी बॅरिस्टरच्या हाताखाली उमेदवारी. "आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा," ते म्हणाले. "पूर्वी तिथला बॅरिस्टर इथं आला की त्याच्यापुढं कोर्टाची दारं उघडत. आता ते बंद झालंय. तिथलं तिथं, इथलं इथं. दोन्हीकडं पाय ठेवायचा तर दोन्हीकडची सनद जपावी लागेल."

मला त्या मुलाशी लग्न करायचं होतं. हे सरळच सांगते, कारण पुढं लोक सांगत राहिले की घरच्यांनी लोटून दिलं. कुणी लोटलं नाही. तो पुन्हा एकदा भेटायला आला आणि म्हणाला, "तू तिथं परीक्षा दे. मी आड येणार नाही." तो आला नाहीच आड. पण जायचं म्हणजे आत्याचं वकीलपत्र सोडायचं, आणि ते सांगायला मी करडीला गेले.

आत्या खोलीच्या दारात बसून मोहफुलं निवडत होती. मी सगळं सांगितलं. इन, परीक्षा, जेवणं, सगळं.

"जेवून बालिस्टर होते?" तिनं हात थांबवून विचारलं. "मंग आपल्या गावात तेरव्या जेवून जेवून सगळेच बालिस्टर झाले असते!" आणि ती इतकी हसली की तिच्याबरोबर मीही हसले. मग डोळे पुसून म्हणाली, "जा वं. मोठी होऊन ये. अन् मंग माही केस लढ. बालिस्टर उभी राहिली तं त्या थोरल्याचं धोतर पिवळं होते का नाई, पाह्य."

"आत्या, तसं नसते. तिथली बालिस्टर इथे चालत नाई."

"काहून नाई चालत? मोठ्या दवाखान्याचा डॉक्टर आपल्या लहान दवाखान्यात चालत नाई का?"

मी समजावलं. कायदा वेगळा, सनद वेगळी, सगळं सांगितलं. ती मान हलवत राहिली आणि शेवटी म्हणाली, "तू तं आतापासूनच हारून राहिली." तिनं मला मोहफुलांचं गाठोडं बांधून दिलं. लंडनला कस्टमवाल्यानं ते हुंगून हुंगून पाहिलं आणि ठेवून घेतलं.

तिथली पहिली वर्षं मला आठवावीशी वाटत नाहीत. घर ओलसर, आकाश खाली आलेलं, आणि रस्त्यातली पोरं आमच्याकडं पाहून काहीबाही ओरडायची. मी एका वकिली कचेरीत कागद लावायची नोकरी धरली. पगारी नोकरी करणाऱ्यानं सनद चालू ठेवू नये असा आपल्याकडचा नियम. मी मुंबईला तसं कळवलं आणि माझी सनद थांबवली गेली. कायद्यानं वागणारी मी, कायद्यानंच मोकळी झाले. कचेरीतली एक बाई मला रोज विचारायची, तू तुझ्या देशात काय करायचीस? मी म्हणायचे, वकील होते. ती "हो का, छान" म्हणून मला चहा करायला सांगायची.

परीक्षा दिल्या. एकदा नापास झाले. मुलगी झाली, तिला मांडीवर घेऊन पुन्हा दिल्या. इनच्या लांब टेबलाशी बसून जेवणं जेवले. माझ्या ताटात उकडलेले बटाटे आणि वाटाणे, दर वेळी तेच. समोरची तरुण पोरं घोड्यांबद्दल आणि शाळांबद्दल बोलत. मला आत्याच्या तेरव्या आठवत आणि उगाच हसू फुटे. शेवटी एकदा नाव पुकारलं गेलं आणि मी बॅरिस्टर झाले, खरीखुरी. नवऱ्यानं फोटो काढला. उमेदवारीसाठी मग कितीतरी दारं ठोठावली. माझ्या इंग्रजीतला तुमसर ऐकून समोरच्याच्या भुवया वर जायच्या. एका म्हाताऱ्या बॅरिस्टरनं घेतलं एकदाचं, आणि भाडेकरूंचे, घरातून काढलेल्या बायकांचे असे लहानसहान खटले मला मिळू लागले.

ही बातमी द्यायला मी तुमसरला ट्रंक कॉल लावला होता. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "आता इकडे चालते नं?"

"नाही, बाबा."

मग ते म्हणाले, "बरं. तब्येत सांभाळ."

ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा मी मुलीला घेऊन महिन्याभरासाठी घरी आले. अडतीच्या दुकानात माझी जुनी सनद अजून भिंतीवर होती आणि शेजारी लंडनचा फोटो. त्याच महिन्यात आत्याच्या अपिलाची तारीख होती. सर आजारी पडून घरी बसले होते, प्रकरण त्यांच्या एका तरुण ज्युनियरकडं होतं. मी त्याला भेटले. गडबडीतला मुलगा होता. "पाहतो मॅडम, पाहतो," म्हणाला.

तारखेच्या दिवशी आत्या भंडाऱ्याच्या स्टँडवर उतरली. वाळून काटकी झाली होती, पण पाठ ताठ. तिनं बसमधल्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं: "माही भाची लंडनहून आली. बालिस्टर. आज तीच बोलनार आहे." कोर्टाच्या आवारात थोरला दीर मला पाहून उठून उभा राहिला आणि चक्क नमस्कार घातला. आत्यानं मला कोपरानं ढोसलं.

"आत्या, मी बोलू शकत नाई. कितीदा सांगितलं तुले."

"तू उभी तं राह्य."

आम्ही बाकावर बसलो. मधल्या काळात कोर्टाला नवा रंग दिला होता, बाक तेच होते. साहेब नवीन होते. दिरांचे वकील बोलले, मग साहेबांनी आमच्या ज्युनियर पोराला इंग्रजीत विचारलं: बाई एकटी आहे, वयस्कर आहे, जमिनीऐवजी हयातभर खावटी घेऊन हे मिटवता येणार नाही का? ते त्यांनी भल्या मनानं विचारलं असावं. आमच्या पोरानं मागं वळूनही पाहिलं नाही. हरकत नाही, म्हणाला.

मी उभी राहिले. विचार करून नव्हे. पाय आपोआप उठले. साहेबांनी मान वर केली.

"आपलं या प्रकरणात वकीलपत्र आहे?"

"नाही."

"आपण वकील आहात?"

या प्रश्नासाठी मी अर्धं आयुष्य आणि दोन देश घातले होते. "इथं नाही," मी म्हटलं.

"मग बसून घ्या," साहेब शांतपणे म्हणाले. मी बसले. आत्याचा हात माझ्या गुडघ्यावर आला.

"का म्हनलं वं त्यानं?"

मी तिच्या कानाशी वाकले आणि तिच्याच बोलीत सांगितलं, "तुहा वकील म्हनते, तुले बांध्या नाई पाहिजे. जगशील तोवर पोटापुरतं देतीन. तू हो म्हनली असं लिहून राहिले."

ती बाकाचा आधार घेऊन उठली. "सायेब," तिचा आवाज कोर्टभर गेला, "मी हो नाई म्हनली!"

साहेबांची लेखणी थांबली. शिपाई धावला, वकील गोंधळले, दीर खाली पाहू लागला. साहेबांनी मराठीत विचारलं, बाई, तुम्हाला तडजोड नको आहे का? ती म्हणाली, "मले माही बांधी पाहिजे." त्यांनी तसं लिहून घेतलं आणि पुढची तारीख दिली.

स्टँडवर आम्ही करडीच्या बसची वाट पाहत बसलो. आत्या खुशीत होती. भाजलेल्या शेंगा घेतल्या होत्या, एक स्वतः खात होती, एक मला देत होती.

"पुढच्या तारखेले राहशील नं?"

"नाई, आत्या. माही सुट्टी संपते. तिकडे माह्या केसेस आहेत."

ती शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, "बोलू देत नाई तं नको बोलू. बाजूले बसाले तं सनद नाई लागत नं?"

"नाई लागत."

"मंग? मले कोन सांगन?"

मला रडू आलं, आणि तिथं, भर स्टँडवर, मी रडले. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं आणि बस लागल्यावर पिशवी उचलून खिडकीची जागा धरायला निघून गेली.

पुढच्या तारखेला मी लंडनच्या एका कोर्टात दुसऱ्याच बाईसाठी उभी होते. त्या आठवड्यात बाबांना ट्रंक कॉल लावून विचारलं, आत्याच्या केसचं काय झालं? त्यांनी तिला विचारलं होतं.

"म्हनते, सायेब लय वेळ बोलले," बाबा म्हणाले. "पन इंग्रजीत."